दाखवासाहेबांचं छप्पर

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, परवाना कार्यालयात अधिकारी आहेत. आमच्या गावात छप्पर घालायचं असो, वायर ओढायची असो, नळ जोडायचा असो की कुणाचे केस कापायचे असोत, भावोजींच्या सहीचा परवाना लागतो. गाव त्यांना दाखवासाहेब म्हणतं, कारण कुठलाही कारागीर समोर आला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "दाखवा". नमस्कार त्यानंतर. माझं केस कापायचं दुकान आहे. भावोजी माझ्याकडेच केस कापून घेतात आणि खुर्चीत बसायच्या आधी दर वेळी भिंतीवरच्या माझ्या परवान्याची तारीख वाचतात. डोक्यावर केस उरलेत मूठभर, आणि त्यासाठी सख्ख्या मेहुणीची एवढी चौकशी!

घरीही तीच तऱ्हा. नळवाला दारात आला की "आधी परवाना, मग पाणी" हा त्यांचा नियम. एकदा उन्हातून आलेल्या रंगाऱ्याला ताईने आधी पाणी दिलं, तर भावोजींनी तिच्याशी अबोला धरला. ताई म्हणाली, "बरं झालं, तेवढाच कानांना आराम."

त्यांची टिंगल करणं हा माझा हक्कच आहे आणि तो मी सोडत नाही. पण माणूस सरळ, हे मला कबूल करावंच लागेल. उभ्या नोकरीत कुणाच्या कपभर चहाचे ते मिंधे नाहीत. सरळ माणसाबरोबर संसार करताना किती वळसे घालावे लागतात, ते ताईला विचारा.

मग ते वादळ आलं. दुपारी जेवणं व्हायची होती तोवर अर्ध्या गावाच्या डोक्यावरचं छप्पर शेजारच्या अर्ध्या गावात जाऊन पडलं होतं. ताईच्या घराचा पुढचा भाग उघडा पडला. मागच्या खोलीवरचे पत्रे तेवढे राहिले, आणि नशीब की राहिले, कारण त्या खोलीत भावोजींची आई होती. खुब्याचं हाड मोडलेलं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी बजावलं होतं की जोडलं जाईपर्यंत पलंगावरून हलवायचं नाही. मी म्हटलं माझ्याकडे आणा, पण मी राहते तिसऱ्या मजल्यावर, आणि आमचा जिना इतका अरुंद की लग्नात आलेलं माझं कपाट अजून तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आहे. तेव्हा त्या घरात सांभाळायची वस्तू एकच होती, आईंच्या डोक्यावरचे पत्रे.

ते पत्रे घातले होते टपटप मिस्त्रीने. ह्याचं मूळ नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. त्याने घातलेलं छप्पर एका कोपऱ्यात गळतंच, म्हणून टपटप. माणूस आळशी, तोंडाळ, सांगितलेल्या दिवशी कधी न येणारा, आणि आला तर कामापेक्षा गप्पाच जास्त. पण वादळानंतर गावात फिरताना एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. टपटपची छपरं गळत होती, पण जागेवर होती. उडालं होतं ते फक्त त्याच्या स्वतःच्या दुकानाचं, कारण स्वतःचं काम तो कायम उद्यावर टाकत आलेला. त्या छपराबरोबर भिंतीवर काच लावून टांगलेला त्याचा परवानाही गेला.

वरून आदेश आला. आदेश चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. ज्यांच्या परवान्यांची मुदत वादळाच्या सुमारास संपत होती त्यांना मुदतवाढ. ज्यांचे हरवले त्यांना फुकट दुसरा. बाहेरगावच्या कारागिरांना त्याच दिवशी तात्पुरता परवाना, म्हणजे छपरं लवकर उभी राहतील. आणि अशा वेळी भामटे फिरतात, म्हणून लोकांना सावध करायला गाडीवर भोंगा आणि वाटायला पत्रकं. पत्रक भावोजींनी स्वतः लिहिलं. परवाना पाहिल्याशिवाय काम देऊ नका, सगळे पैसे आधी देऊ नका, कामाचा कागद करून घ्या, फसलात तर लाजू नका, तक्रार करा. भावोजी रोज सकाळी भोंग्याच्या गाडीत बसून गल्लोगल्ली हे वाचत हिंडत आणि लोक एकामागून एक खिडक्या लावून घेत. ज्यांच्या खिडक्याच उडाल्या होत्या ते बिचारे ऐकत.

दुपारी कार्यालयाच्या अंगणात टेबल मांडून परवाने द्यायचं काम. तिथे टपटप आला.

"साहेब, माझा परवाना उडाला."

"दाखवा," भावोजी सवयीने म्हणाले.

"उडालेला कसा दाखवू? हवं तर भिंतीवरचा खिळा दाखवतो."

जुन्या नोंदी बघाव्यात, तर नोंदींच्या खोलीत कमरेएवढं पाणी शिरून त्यांचा लगदा झालेला. आदेशात त्याचीही सोय होती. नोंद नसेल तर अधिकाऱ्याने स्वतःच्या माहितीवर ठरवावं. आता भावोजींच्या माहितीचं काय सांगू! ती रोज त्यांच्या आईच्या डोक्यावर होती. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या घराचा पुढचा भाग तुझ्याकडूनच करून घ्यायचा आहे. म्हणजे परवाना मीच द्यायचा आणि काम मीच करून घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील छप्पर झालं."

"तुझं प्रकरण वर पाठवतो. तोवर कुणाच्या छपरावर चढलास तर दंड करीन."

टपटपला काम टाळायला एवढं निमित्त पुरेसं होतं. अख्खं गाव छपरासाठी वणवण करत होतं आणि गावातला एकुलता एक ओळखीचा पत्रेवाला आपल्या बिनछपराच्या दुकानात खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. कुणी बोलवायला आलं की म्हणायचा, "साहेबांना विचारा. मी कायद्याने बसलोय." हळूहळू त्यात त्याला मोठेपणाही वाटायला लागला. वरून आठवड्याने उत्तर आलं की स्थानिक अधिकाऱ्याने स्वतःच्या माहितीवर निर्णय घ्यावा. भावोजींनी प्रकरण पुन्हा वर पाठवलं. ताईने कपाळावर हात मारून घेतला.

बाहेरगावच्यांची मात्र टेबलासमोर रांग लागली होती. त्यांचे परवाने त्यांच्या गावच्या कार्यालयाला फोन करून पडताळायचे होते, पण फोन बंद पडलेले. लोक तर डोक्यावर चादरी धरून उभे, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाचं धान्य भिजतंय. भावोजींच्याने ते बघवेना. त्यांनी "पडताळणी केली" हा शिक्का उचलला आणि उमटवायला सुरुवात केली, फोन सुरू झाले की मागाहून विचारून घेऊ म्हणून. एवढ्या वर्षांत नियम वाकवायची त्यांची ती पहिलीच वेळ. पहिल्या वेळेला सराव नसतो, त्यामुळे जरा जास्तच वाकला.

त्या रांगेतलाच एक पाहुणा मिस्त्री पुढे ताईच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, कानावर पेन्सिल. भावोजी म्हणाले, "दाखवा," आणि त्याने दाखवलं. तात्पुरता परवाना, मूळ परवाना, फोटो, ओळखपत्र, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात, क्रमाने लावलेलं. भावोजींचा चेहरा असा खुलला की ताईला पहिली मुलगी झाली तेव्हाही इतका खुलला नव्हता. तात्पुरत्या परवान्याखाली त्यांची स्वतःचीच सही होती. आता आणखी काय पडताळायचं? "पाणी द्या त्यांना," भावोजी म्हणाले.

पाहुण्याने घर पाहिलं. मागच्या खोलीवर काठी आपटून तो चुकचुकला. "साहेब, हे पत्रे धोक्याचे आहेत. पुढच्या वाऱ्याला आईसाहेबांच्या अंगावर येतील. दोन्ही भाग एकदमच करू. जुने उतरवून नेतो, उद्या सकाळी नवे चढवतो. पैसे? नवे पत्रे आल्यावर द्या की."

आधी पैसे मागत नाही म्हटल्यावर भावोजी त्याच्यावर फिदाच झाले. पत्रकातलं कलम न सांगता पाळणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. ताई म्हणाली, "अहो, चांगले आहेत की ते पत्रे. कोपऱ्यात गळतात एवढंच." भावोजी म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं? त्याच्याकडे परवाना आहे." दुपारपर्यंत पाहुण्याच्या माणसांनी आईंच्या डोक्यावरचे पत्रे एकेक करून उतरवले, ट्रकमध्ये रचले आणि ते निघून गेले. पत्र्यांची तेव्हा इतकी टंचाई होती की जुना धड पत्रा नव्याच्या भावाने जात होता. भावोजींच्या पत्रकात परवाना, पैसे, कागद सगळं होतं. पत्र्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा आला नाही. दुपारीही नाही. मी संध्याकाळी दुकान बंद करून गेले तेव्हा खोलीवर ताडपत्री बांधली होती, तीही एका बाजूने सुटलेली. आई पलंगावर उताण्या पडून वर बघत होत्या.

"काय गं," त्या मला म्हणाल्या, "नुसतं आभाळच दिसतंय. मी पोचले की काय?"

मी हसले, मग मला रडू आलं, मग भावोजींचा असा राग आला की सांगता सोय नाही. ते अंगणात ताडपत्रीची दोरी घट्ट करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच रात्री बातम्यांत सांगितलं की आठवड्याअखेर दुसरं वादळ येणार.

पाहुण्याचा फोन बंद. भावोजींनी त्याच्या गावच्या कार्यालयाला फोन लावला, आता लागला. त्या नावाचा माणूस तिथे कधी नव्हताच. घरात भावोजींनी हे एका वाक्यात सांगितलं. कार्यालयात मात्र कुणालाच नाही. रोज सकाळी गाडीत बसून "फसलात तर लाजू नका, तक्रार करा" असं भोंग्यावर ओरडायचे आणि घरी येऊन दार लावून घ्यायचे. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचे, "काम चालू आहे." टपटपच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलायचे.

शेवटी ताईच टपटपकडे गेली, मीही बरोबर होते. तो खुर्चीतून उठला नाही, पण सगळं ऐकून त्याचं तोंड उतरलं.

"म्हातारीच्या डोक्यावरचे काढले? माझे पत्रे?" मग मागच्या अंगणाकडे बोट करून म्हणाला, "वहिनी, उडालेले पत्रे मी शाळेच्या मैदानातून गोळा करून ठेवलेत. तुमच्या पुढच्या भागाचेही आहेत त्यात. ठोकून सरळ करीन, होईल काम. पण चढणार नाही. साहेबांनी चारचौघांत दंडाची भाषा केली मला. आधी परवाना."

"मी पाया पडू का तुझ्या?" ताई म्हणाली.

"पडू नका. त्यांना सही करायला सांगा."

त्या दिवशी ताईने घरी जाऊन जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ती ओरडली नाही. आईंच्या उशाशी छत्री उघडून बसली आणि म्हणाली, "तुमची सही आईंपेक्षा मोठी आहे, हे मला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." भावोजी म्हणाले, "स्वतःच्या फायद्यासाठी सही करता येत नाही." ताई म्हणाली, "मग रजा घ्या, दुसरा कुणी करील." आपत्तीच्या काळात रजा बंद होत्या. तोही नियमच.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुदतवाढीच्या शिक्क्यासाठी कार्यालयात रांगेत होते. भावोजींच्या टेबलाशेजारी तक्रारींचं टेबल, तिथे एक कारकून बाई बसतात. नाकावर चष्मा, बोलणं मोजकं, कुणाला हसताना दिसायच्या नाहीत. भावोजी आपल्या खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घातला आणि तक्रारदारांच्या स्टुलावर जाऊन बसले. बाईंना वाटलं पेन मागायला आले, त्यांनी पेन पुढे केलं.

"तक्रार लिहायची आहे," भावोजी म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

बाईंनी कागद ओढला. प्रश्न भावोजींनीच तयार केलेले होते, त्या ते जसेच्या तसे विचारत गेल्या. नाव काय. कामाचं स्वरूप काय. काय काय नेलं. भावोजी खाली मान घालून उत्तरं देत होते आणि रांग पुढे सरकायची थांबली होती.

"काम देण्याआधी परवाना तपासला होता का?"

"हो."

"कुणी दिलेला?"

भावोजींनी शेजारच्या आपल्या टेबलाकडे पाहिलं. बाईंनी नकलांच्या गठ्ठ्यातून तो परवाना शोधून काढला आणि समोर धरला. "ही सही ओळखता का?"

"माझीच आहे."

"वर 'पडताळणी केली' असा शिक्का आहे. पडताळणी केली होती?"

मला वाटलं आता ते काहीतरी सांगतील. फोन बंद होते, रांग मोठी होती, लोक भिजत होते. सगळं खरंच होतं. पण ते म्हणाले, "नाही."

बाईंनी चष्मा काढला. "साहेब, मग तक्रार नक्की कुणाविरुद्ध लिहू?"

भावोजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गेली कित्येक वर्षं ते कान मी कात्रीपासून सांभाळत आले आहे, पण ते इतके लाल झालेले कधी पाहिले नव्हते.

"दोघांविरुद्ध," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं, सही घेतली आणि नियमांचं पुस्तक पाहून सांगितलं की ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आहे त्याने चौकशी होईपर्यंत परवान्यांच्या टेबलावर बसायचं नाही, त्याचं काम खालच्या माणसाने बघायचं. खालचा माणूस म्हणजे त्या स्वतःच. त्या उठल्या, भावोजींच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पहिलं प्रकरण उचललं. टपटपचं होतं. परतून आलेलं, पुन्हा पाठवलेलं, पुन्हा परतलेलं. बाई म्हणाल्या, "ह्याने माझ्याही घराचं छप्पर घातलंय. स्वयंपाकघरात गळतं. मला दुरुस्त करून घ्यायचं नाही, सवय झालीये." आणि सही केली.

घरी जाताना मी भावोजींना विचारलं, "खरं सांगा, हे चुकीसाठी केलंत की आईंसाठी?" ते म्हणाले, "माहीत नाही." नियम तोंडपाठ असणाऱ्या माणसाकडून हे उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं. त्यांना मी आयुष्यभर चिडवत आले, पण त्या रस्त्यावर मला त्यांचा फार अभिमान वाटला. तोंडाने सांगितलं नाही. एवढी मी मऊ नाही.

टपटप त्याच दुपारी आला. ह्या माणसाचं एवढं वेळेवर येणं कुणाच्या आठवणीत नव्हतं. खिशातून नवा परवाना काढून त्याने तो फडकावत भावोजींच्या नाकासमोर धरला. भावोजींनी तो बघितलाही नाही, आत जाऊन स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या आणला. टपटप पाणी प्यायला, मग तासभर गप्पा मारल्या, मग चढला. भावोजी खालून पत्रे देत होते आणि टपटप वरून सरकारी अधिकाऱ्याला शिव्या घालायची हौस फेडून घेत होता. शेवटचा पत्रा आईंच्या पलंगाच्या बरोबर वर बसला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. त्या चांदण्यांनी झोप येत नव्हती."

दुसरं वादळ शनिवारी दुपारी आलं. आम्ही सगळे मागच्या खोलीत आईंच्या पलंगाभोवती बसलो होतो. पत्रे थडथडले, किंचाळले, पण जागचे हलले नाहीत. खिडकीकडच्या कोपऱ्यात पाणी ठिबकायला लागलं. ताईने उठून खाली पातेलं ठेवलं. त्या आवाजाचं एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी भावोजी सकाळी आवरून भोंग्याच्या गाडीकडे निघाले. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काढलंय ना?" ते म्हणाले, "टेबलावरून काढलंय. नियमात गाडीचा उल्लेख नाही." नियमाचा असा अर्थ काढायला ते कुठून शिकले, ते मी विचारलं नाही. दुकान उघडायला उशीर होता, म्हणून मीही गाडीत चढले.

पहिल्या गल्लीत शिरताच खिडक्या लागायला लागल्या. भावोजींनी पत्रक हातात घेतलं, मग घडी करून खिशात ठेवलं. भोंगा खरखरला.

"नागरिकहो, मी परवाना अधिकारी बोलतोय. मी फसलो. माझ्याच सहीचा परवाना दाखवून एक माणूस माझ्या आजारी आईच्या डोक्यावरचे पत्रे घेऊन गेला. पडताळणी न करता तो परवाना मी दिला होता. मी पाच दिवस कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटत होती."

एवढंच बोलून ते थांबले. एक लावलेली खिडकी पुन्हा उघडली. मग आणखी एक. कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. दारावर चांगलं कुलूप, नीट लावलेला पडदा, आणि वर बघितलं तर छताच्या जागी नुसत्या चादरी बांधलेल्या. त्या गाडीजवळ आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "इस्त्रीचा शर्ट होता का हो? कानावर पेन्सिल? आमच्या ह्यांना अजून सांगितलं नाही मी. ते बाहेरगावी आहेत."

भावोजींनी भोंगा बंद केला, गाडीतून खाली उतरले, आणि त्यांच्या तोंडून सवयीने "दाखवा" येईल म्हणून मी आधीच डोळे मिटून घेतले.

"सांगा," ते म्हणाले.